कृपेला टंच नसतो

दिवाळी जवळ आली की आमच्या हुपरीत रात्र होत नाही. गल्लोगल्ली भट्ट्या पेटलेल्या असतात, मुशींत चांदी उकळत असते, आणि पहाटेपर्यंत हातोडीची टकटक चालू असते. पैंजण, जोडवी, वाळे, करदोटे, छल्ले यांचे ढीग पडतात आणि परगावच्या व्यापाऱ्यांच्या पेट्यांतून देशभर जातात. ह्या गावाला चंदेरी नगरी म्हणतात ते उगीच नव्हे. कोणी आटणी करतो, कोणी तार ओढतो, कोणी कड्या जोडतो, कोणी डाख देतो. बायाबापड्या उंबऱ्यात बसून घुंगरू ओवतात. आणि ह्या साऱ्या खटाटोपाच्या मधोमध, देव्हाऱ्यातल्या देवासारखा, तराजू बसलेला असतो. आमच्याकडे चांदी तोलून दिली जाते आणि दागिना तोलून घेतला जातो. मधल्या मध्ये जी कमी भरली ती घट. घट ठरल्यापेक्षा जास्त गेली तर ती कारागिराच्या मजुरीतून कापायची, हा नियम. आणि सर्वांत शेवटचा प्रश्न एकच : टंच किती? म्हणजे शेकडा किती भाग चांदी खरी, आणि किती भाग भेसळ?

अशा ह्या गावात, गेल्या पाडव्याला, मी एका स्नेह्यांच्या घरी फराळाला गेलो होतो. आमचे घर ख्रिस्ती. पण दिवाळीचा फराळ आणि नाताळच्या करंज्या यांची देवघेव आमच्या दोन घरांत तीन पिढ्यांची आहे. गप्पा रंगल्या होत्या. बोलता बोलता स्नेही हसून म्हणाले, “मास्तर, राग मानू नका, पण तुमचा देव लई स्वस्त हो! आमच्याकडं उपास, तापास, वारी, व्रत. तुमच्याकडं काय, पाप करा, शरण या, की झालं माफ!” कोपऱ्यातून दुसरे गृहस्थ म्हणाले, “शरण जाणं हे दुबळ्याचं काम. मर्दानं आपलं कर्म आपण निस्तरावं.” आणि तिसरे, आवाज जरा खाली आणून, “आणि पहिले गेले ते तरी कशासाठी गेले? भाकरीसाठीच ना?” सगळे हसले. मीही हसलो. पाडव्याच्या दिवशी कोणाच्या ओसरीवर वाद घालणे बरे दिसत नाही.

परंतु रात्री झोप आली नाही. तीन माणसांनी हसत हसत तीन आरोप केले होते, आणि तिन्ही आरोप मी जन्मभर ऐकत आलो होतो. हा देव स्वस्त आहे, शरण जाणे ही पळवाट आहे, आणि हा धर्म पोटासाठी आहे. हा लेख म्हणजे त्या फराळाला उशिरा दिलेले उत्तर आहे. वाचकहो, दिवाळी अंकात वाद कशाला, असे आपण म्हणाल. पण ज्या घरात फराळ खाल्ला त्या घराला खोटे हसू देऊन येणे हे मला मैत्रीला शोभणारे वाटत नाही.

प्रथम स्वस्ताईचा आरोप घेतो. आणि त्याचे उत्तर पोथीतून न देता वहीतून देतो.

माझे वडील आटणीचे काम करीत. १९६२-६३ चा सुमार असेल. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. ज्या पेढीची चांदी वडिलांकडे येई तिचे मालक जैन होते. पेढीवर महावीरांचे चित्र असे आणि सारा गाव त्यांना अण्णा म्हणे. त्या साली दिवाळीच्या हंगामात वडिलांनी अण्णांची शंभर तोळे चांदी खाल्ली. आईच्या औषधासाठी खाल्ली, असे लिहून मला ही गोष्ट सजवता आली असती. पण तसे नाही. ती पत्त्यांत गेली. आमच्या घराच्या काही महिन्यांच्या मजुरीइतकी ती रक्कम होती. दोन दिवस वडील घरातून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतले (एकट्याला धीर होईना म्हणून असेल) आणि पेढीवर जाऊन उभे राहिले.

“अण्णा, चांदी मी खाल्ली.”

“किती?”

“शंभर तोळं.”

अण्णांनी वर पाहिले नाही. वही ओढली, काही लिहिले, वही मिटली. “घरला जा,” म्हणाले, “उद्या सकाळी ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील गेले. आता फौजदार बसलेला असणार, असे त्यांना वाटत होते. अण्णांनी आतून चांदीची लगड आणली आणि वडिलांच्या हातात दिली. वडील सवयीने तराजूकडे वळले. अण्णा म्हणाले, “राहू दे. काय तोलायचं?”

एवढेच. नंतर कित्येक वर्षांनी मला कळले की त्या दिवशीच्या वहीत अण्णांनी घट म्हणून शंभर तोळे लिहिले होते, आणि ते स्वतःच्या नावे टाकले होते.

आता मला सांगा, ही माफी स्वस्त होती काय? माझ्या वडिलांना ती फुकट मिळाली, हे खरे. परंतु फुकट मिळणे आणि फुकट असणे ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शंभर तोळे कोठेतरी गेले होते. ते कोणाच्या तरी नावे पडल्याशिवाय वही मिटणार नव्हती. ते वडिलांच्या नावे पडले असते तर त्याला न्याय म्हटले असते. अण्णांनी ते आपल्या नावे घेतले. ह्यालाच कृपा म्हणतात. ख्रिस्ती माणूस क्रूसाकडे पाहतो तेव्हा त्याला नेमके हेच दिसते. देवाने पापाकडे कानाडोळा केला, असे तेथे दिसत नाही. त्याने वही ओढली, आकडा पुरा लिहिला, आणि तो आपल्या नावे टाकला. ज्याला हा व्यवहार स्वस्त वाटतो त्याने कधी दुसऱ्याची घट स्वतःच्या नावे लिहून पाहावी.

आणि माफ झाल्यावर वडिलांचे काय झाले? आमच्या स्नेह्यांच्या तर्काप्रमाणे त्यांनी पुढच्या दिवाळीला दोनशे तोळे खायला हवे होते. माणूस पुन्हा पत्त्यांना शिवला नाही. तुरुंगाच्या भीतीने त्याला जे जमले नव्हते, ते त्या न तोललेल्या लगडीने केले. कारण भीती दाराबाहेर उभी असते. कोणी ठेवलेला विश्वास माणसाच्या आत शिरून बसतो.

तथापि स्नेह्यांच्या बोलण्यात सत्याचा अंश नाही असे मी म्हणणार नाही. कृपेचे नाव घेऊन बेफिकीर जगणारे ख्रिस्ती आहेत, पुष्कळ आहेत. पण त्यांच्यावरचा सर्वांत कडक आरोप परक्याने केलेला नाही. दीत्रिख बोनहोफर नावाच्या जर्मन पाळकाने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ‘स्वस्त कृपा’ ही आपल्या मंडळीची जीवघेणी शत्रू आहे असे बजावले. पश्चात्तापावाचून क्षमा आणि अनुसरणावाचून कृपा वाटत सुटणाऱ्या चर्चला त्याने धारेवर धरले. आणि तो नुसता लिहून थांबला नाही. हिटलरला विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फासावर चढवण्यात आले. तेव्हा, स्नेह्यांनो, तुमचा आरोप आमच्याच एका माणसाने आधी केला आहे, आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली आहे.

* * *

दुसरा आरोप पळवाटेचा. शरण जाणे म्हणजे दुबळेपणा.

कोल्हापूरच्या माणसाने हे म्हणावे याचे मला नवल वाटते. पन्हाळा आमच्या डोळ्यांसमोर आहे. १६६० साली शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यात चार महिने पन्हाळ्यावर होते. त्यांना कोणी पळपुटे म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. गडाचा आश्रय घेतात तो पुढची लढाई लढता यावी म्हणून. आणि वेळ आली तेव्हा जुलैच्या पावसात, रात्री, महाराज गडाखाली उतरलेच. आश्रय कशासाठी असतो हे ज्याला कळत नाही त्याला गडही कळला नाही आणि भक्तीही कळली नाही.

बायबलच्या जुन्या करारात आश्रयाच्या नगरांची हकिकत आहे. इस्राएल लोकांनी देशात सहा नगरे राखून ठेवली : केदेश, शखेम, हेब्रोन, बेसेर, रामोथ आणि गोलान. ज्याच्या हातून चुकून, मनात वैर नसताना, मनुष्यवध घडला असेल त्याने सूड घेणाऱ्याच्या हाती पडण्याआधी ह्यांपैकी एका नगरात धाव घ्यावी. वेशीपाशी उभे राहून वडीलधाऱ्यांना आपली हकिकत सांगावी. त्यांनी त्याला आत घ्यावे व राहायला जागा द्यावी. म्हणजे आश्रय ही नुसती मनाची गोड समजूत नव्हती. त्याला वेस होती, पंच होते, डोक्यावर छप्पर होते. आणि आत येणाऱ्याला पहिली गोष्ट करावी लागे ती ही की, माझ्या हातून काय घडले ते चारचौघांत उघड सांगायचे. दुबळ्याला हे जमते काय? वडिलांना पेढीच्या पायरीवर तीन शब्द उच्चारायला तीन दिवस लागले होते. घरात बसून राहणे ही पळवाट होती. त्या पायरीवर उभे राहणे ही शरणागती होती.

ह्या बाबतीत पंडिता रमाबाईंइतकी मोठी साक्ष मराठीत दुसरी नाही. त्यांना दुबळी म्हणण्याची कोणाची छाती आहे? १८५८ साली जन्मलेली ही मुलगी वडिलांबरोबर तीर्थे हिंडत वाढली. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण एकामागून एक गेली. भावाबरोबर ती पायी देश तुडवीत राहिली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती म्हटले. १८८० साली विवाह, १८८२ साली वैधव्य. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडात वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला.

सामान्य माणूस समजतो, बाप्तिस्मा घेतला की गोष्ट संपली. रमाबाईंची खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते, आणि ती त्यांनी आपल्या १९०७ च्या साक्षीत स्वतः सांगितली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. मधल्या आठ वर्षांत त्यांनी काय कमी केले होते? अमेरिका पालथी घातली, स्त्रियांची दैना जगासमोर मांडली, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन काढले. बुद्धी होती, त्याग होता, कीर्ती होती, धर्माचा दाखला होता. एवढे सारे तराजूत घातल्यावरही आतून शांती नव्हती. ती मिळाली तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आपण आजवर काहीतरी कमवायला धडपडत होतो, आणि जे मिळाले ते कमवण्याजोगे नव्हतेच.

मग त्यांनी काय केले? डोळे मिटून स्वस्थ बसल्या? १८९६-९७ च्या दुष्काळात ह्या बाई मध्यप्रांतात गेल्या आणि भुकेने सांगाडा झालेल्या मुली गोळा करून आणल्या. ज्यांनी स्वतः आईला दुष्काळात जाताना पाहिले होते त्या बाईंच्या मनात त्या वेळी काय चालले असेल, ह्याचा विचार वाचकांनी करावा. केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे सुमारे दोन हजार जणी होत्या. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला, माग चालले. आंधळ्यांसाठी एक सदन, वृद्ध व अपंगांसाठी एक सदन. आणि ज्यांना समाज ‘पतित’ म्हणून दाराबाहेर काढतो त्या स्त्रियांसाठी आणखी एक. त्या शेवटच्या सदनाचे नाव काय ठेवले माहीत आहे? कृपासदन.

मला हे नाव त्या काळच्या साऱ्या प्रवचनांपेक्षा मोठे वाटते. ज्या बाईला कृपा मिळाली तिने तिचे छप्पर बांधले, आणि ज्यांचा टंच जगाने सर्वांत हलका ठरवला होता त्यांना त्याखाली बोलावले. देवाच्या आश्रयाला गेलेल्या माणसाची ओळख ह्याहून निराळी कोणती असणार? तो स्वतः कोणाचा तरी आश्रय होतो.

* * *

आता तिसरा आरोप. तो खाली आवाजात केला जातो, कारण करणाऱ्यालाही तो थोडा बोचतो. पहिले गेले ते भाकरीसाठी गेले.

मी ह्याचे उत्तर ‘नाही’ असे देणार नाही. आमचे आजोबा महारवाड्यातले. गावच्या आडावर त्यांना पाणी नव्हते, शाळेत जागा नव्हती, देवळात पायरी नव्हती. अमेरिकन मिशनरी वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरास आला. वॉनलेस डॉक्टरांचा मिरजेचा दवाखाना १८९४ साली उभा राहिला. ह्या मुलखात त्या लोकांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, आणि आत येणाऱ्याची जात पुसली नाही. आजोबा तेथे औषधाला गेले, भाकरीलाही गेले, आणि मुलाला अक्षर यावे म्हणूनही गेले. होय, पोटासाठीही गेले. मग?

भुकेल्याच्या दारी देवाने भाकरीवाचून दुसऱ्या कोणत्या रूपात यायला हवे होते? पोट भरलेल्या माणसाला कृपा ही तत्त्वज्ञानाची गोष्ट वाटते. उपाशी माणसाला ती पहिल्यांदा वासाने कळते. ज्यांनी आजोबांना शतकानुशतके भाकरी नाकारली, त्यांच्याच नातवंडांनी ‘भाकरीसाठी गेले’ म्हणून हसावे, ह्याला काय म्हणावे हे मी आमच्या सुज्ञ स्नेह्यांवर सोपवतो.

तथापि दुसरी बाजूही मांडली पाहिजे. भाकरीचे आमिष करून माणूस विकत घेणे हे पापच आहे. १९५४ साली मध्यप्रदेश सरकारने नियोगी समिती नेमली आणि १९५६ साली तिने मिशनऱ्यांवर आमिषाचे व दडपणाचे गंभीर आरोप ठेवले. त्या अहवालातले सारे मला मान्य नाही. परंतु कोठेच काही घडले नाही, असेही मी म्हणणार नाही. दया करून बदल्यात सही मागणारा माणूस कृपा करीत नाही. तो मजुरी देतो. आणि हे आमच्यातल्या थोरांना आधीच उमगले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली. त्यांनी जो ‘देवाचा दरबार’ मांडला त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंना जागा होती. ख्रिस्ताला भारतीय मनाने, मराठी शब्दाने भेटता यावे, ही त्यांची तळमळ. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, हे त्यांनी कधी लपवले नाही. वस्तुतः कृपा आणि शरण हे आमचे मोठे शब्द आम्ही विलायतेहून आणलेले नाहीत. ते संतांच्या मराठीने आम्हांला दिले. १६१६ साली फादर स्टीफन्सने ‘ख्रिस्तपुराण’ छापले ते ओवीतच रचले होते.

आणि फायद्याचेच बोलायचे तर आजचा हिशेब मांडू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवण्यात आला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला महार किंवा मांग मात्र त्या यादीबाहेरच राहिला. म्हणजे ज्या क्षणी तो उघडपणे बाप्तिस्मा घेतो त्या क्षणी त्याच्या मुलांची सवलत जाते. तिसरे गृहस्थ मला सांगतील काय, ही कोणत्या गावची भाकरी आहे, जी घेतली असता पदरचीच जाते?

* * *

येथवर मी आमच्या स्नेह्यांशी भांडलो. आता घरच्यांशी भांडतो. कारण चौथा आरोप त्या ओसरीवर कोणी केला नाही, पण तोच सर्वांत खरा आहे. आम्ही ख्रिस्ती लोकांनीच कृपेला टंच लावला आहे.

चर्चच्या बाकांवर पाहा. कोण कोणत्या जातीतून आला हे चार पिढ्यांनंतरही आम्हांला पाठ असते, आणि लग्नाची बोलणी सुरू झाली की ते ओठावरही येते. डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवर लिहिताना चर्चमधल्या ह्या जातीवर नेमके बोट ठेवले होते. आम्ही त्याचे उत्तर अजून दिलेले नाही. ज्याचा मुलगा दारू पितो त्याच्याशी उपासनेनंतर कोणी बोलत नाही. जिचा नवरा सोडून गेला तिला भगिनी मंडळात पुढे बसवत नाहीत. देवाने जे न तोलता दिले ते आम्ही दारात तराजू मांडून वाटतो. आणि अलीकडे आणखी एक नवा बाजार भरला आहे. मंडपात उभे राहून सांगतात, इतके दान द्या, इतक्या पटीने आशीर्वाद मिळेल. हा नवस नव्हे तर काय? नवसाला हसणाऱ्यांनी पावती-पुस्तक घेऊन नवस मांडावा, ह्याचे दुःख कोणाला सांगावे?

पण मला सर्वांत जास्त झोंबलेली गोष्ट निराळीच आहे. माझी धाकटी बहीण एकोणिसाव्या वर्षी तापाने गेली. मातीच्या वेळी उपदेशक उभे राहिले आणि त्यांनी चांदीचा दृष्टान्त दिला. आमचे गाव चांदीचे, तेव्हा त्यांना तो फार समर्पक वाटला असावा. देव हा रूपे शुद्ध करणारा आहे, ते म्हणाले. तो आपल्या लेकरांना दुःखाच्या मुशीत घालतो. रूप्यात आपला चेहरा दिसेपर्यंत तो आच काढीत नाही. ह्या कुटुंबाला तो शुद्ध करीत आहे. माझी आई पुढे बसली होती. वडील माझ्या शेजारी होते. त्या माणसाने उभ्या जन्मात हजारो मुशी उतरवल्या होत्या. ते माझ्या कानात एवढेच म्हणाले, “चांदीला आई नसती रे.”

त्या रात्री मी मलाखीचे पुस्तक काढून वाचले. तिसऱ्या अध्यायात तो दृष्टान्त आहे, खरोखरच आहे. देव रूपे गाळणाऱ्यासारखा बसेल असे तेथे म्हटले आहे. पण तो कोणाला शुद्ध करील? लेवीच्या वंशजांना, म्हणजे याजकांना, उपदेशकांना, वेदीपाशी उभे राहणाऱ्यांना! त्या आगीची धग व्यासपीठावर बसणाऱ्यांसाठी सांगितलेली आहे. आणि आमचे उपदेशक ती पोर गेलेल्या आईच्या पदरात टाकून मोकळे झाले. येशूच्या शिष्यांनीही एका जन्मांधाकडे बोट दाखवून विचारले होते की पाप कोणाचे, ह्याचे की आईबापांचे? येशूने दोन्ही नाकारले आणि त्या माणसाला दृष्टी दिली. तो हिशेब लावत बसला नाही. आणि आपला मित्र लाजर गेला तेव्हा तो कबरेपाशी रडला. दुःखात देवाचा आश्रय आहे असे आम्ही म्हणतो तेव्हा आम्हांला हा रडणारा देव म्हणायचा असतो. भट्टीपाशी घड्याळ घेऊन बसलेला देव आईने कधी मागितला नव्हता.

दुःखाने माणूस कधी उजळतो, हे मला मान्य आहे. माझी आई उजळली. पण ते पाहून आग पुण्यवान ठरत नाही. तिला धरणारा हात कोणाचा होता, हे विचारले पाहिजे. त्या वर्षी आमच्या घरी वर्षभर कोणी ना कोणी संध्याकाळी येऊन बसे. काही ख्रिस्ती, काही नव्हेत. ते काही बोलत नसत. चुलीपाशी बसून आईबरोबर भाकऱ्या थापीत. कृपा आमच्या घरी त्या वर्षी ह्या रूपाने आली.

* * *

असो. लेख लांबला. शेवटी पाडव्याच्या त्या ओसरीवर परत जातो. कारण उठताना मी एक गोष्ट पाहिली, आणि तिच्यामुळेच हे सारे लिहायचे धाडस झाले.

दाराआड नवी केरसुणी उभी होती. तिला हळदकुंकू लावलेले होते, लक्ष्मीपूजनाला पुजलेली. आमच्या गावात केरसुणीला दुसराही मान आहे. आटणीच्या खोलीतला केर कोणी टाकत नाही. त्यात चांदीचे कण असतात. झारेकरी येतो, राख आणि केर घेऊन जातो, पाण्याने धुतो, आणि आम्ही जी गेली म्हणून सोडून दिलेली असते ती चांदी काढतो.

येशूने देवाविषयी पुष्कळ दृष्टान्त सांगितले. मेंढपाळाचा सांगितला, बापाचा सांगितला. पण लूकच्या पंधराव्या अध्यायात त्याने देवाची तुलना एका बाईशी केली आहे. तिच्याजवळ दहा चांदीची नाणी होती, एक हरवले. तिने दिवा लावला, केरसुणी घेतली, घर झाडले, आणि सापडेपर्यंत शोधत राहिली. सापडले तेव्हा शेजारणींना बोलावून आनंद केला. दिवा, केरसुणी, चांदी आणि शेजारणी! हा दृष्टान्त जेरुसलेमच्या शास्त्र्यांपेक्षा हुपरीच्या बायकांना लवकर कळला असता.

आता, स्नेह्यांनो, मला एकच सांगा. त्या नाण्याने काय केले होते? उपास केला? दान दिले? शुद्धता दाखवली? ते केरात पडून होते. त्याला आपण हरवलो आहोत हेसुद्धा ठाऊक नव्हते. दिवा बाईने लावला, कंबर तिची वाकली, धूळ तिच्या अंगावर उडाली. आणि हाती आल्यावर तिने त्याचा टंच पाहिला नाही. ते तिचे होते, म्हणून तिने ते शोधले.

माझ्या धर्मात मला सापडले ते एवढेच आहे. तुम्हांला ते स्वस्त वाटले तर माझी हरकत नाही. परंतु येत्या पाडव्याला मी पुन्हा फराळाला येणार आहे, आणि त्या वेळी मी नुसता हसणार नाही. आणि दाराआडच्या त्या केरसुणीला तुम्ही हळदकुंकू लावताना मीही मनातल्या मनात हात जोडीन. कोणाला, ते तुम्हांला आता माहीत आहे.